डॉक्टरांना सांगायचं राहून गेलं

झाशीहून एका वाचक भगिनीचं सात पानी पत्र आलं आहे. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. आत मात्र नाव, पत्ता, सगळं होतं आणि शेवटी एक सूचना होती : छापलंत तर नाव, नोकरी, वय काय हवं ते बदला, पण झाशी राहू द्या. हे काही आमच्या एकाच घरात झालेलं नाही.

म्हणून झाशी राहू दिली आहे. बाकीचं बदललं आहे.

बाईंचं घराणं नेवाळकरांच्या काळात कोकणातून तिकडे गेलेलं. घरात मराठी, बाजारात बुंदेली, शाळेत हिंदी. त्यामुळे त्यांच्या मराठीत मधूनच 'तबियत' येते आणि भावाला डॉक्टरकडे 'दिखवायला' नेलं जातं. वाचताना मला ती भाषा फार गोड वाटत होती. मग तिसऱ्या पानापासून गोडी संपली.

भाऊ त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. आई लवकर गेल्यामुळे त्यांनीच वाढवलेला. शिकला, शिक्षक झाला, लग्नाचं नाव काढू देईना. चोविसाव्या वर्षी एका रात्री गच्चीवर त्यानं ताईला सांगितलं की आपलं मन मुलींकडे कधी गेलंच नाही, जाणार नाही. ताईंनी ऐकून घेतलं. रडल्या, मग म्हणाल्या, "बरं, मला सांगितलंस, आता आणखी कुणाला सांगू नकोस." त्या वेळी त्यांना वाटलं, आपण फार समजूतदारपणे वागलो. दहा वर्षं दोघांनी तो शब्द पाळला.

दहा वर्षांनी त्याला ताप येऊ लागला. बारीक, संध्याकाळचा. वजन उतरू लागलं. घरचे डॉक्टर म्हणजे वडिलांचे मित्र, लहानपणी त्याला लशी टोचलेले. त्यांनी टायफॉइड पाहिला, मलेरिया पाहिला, छातीचा फोटो काढला. प्रत्येक खेपेला ताई बरोबर. तोंडात पांढरा थर येऊ लागला तेव्हा डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला आणि दोघांकडे बघून विचारलं, "आणखी काही सांगण्यासारखं आहे का?" भावानं मान हलवली, नाही. मग त्यांनी ताईंकडे पाहिलं.

ताई लिहितात, मला ठाऊक होतं. मी शिकलेली आहे, मला शंकाही आली होती. पण बाहेरच्या बाकावर आमच्या गल्लीतल्या दोघी बसल्या होत्या, पडद्याआड कंपाउंडर होता, आणि डॉक्टर दर गणपतीला आमच्या घरी आरतीला येतात. मी म्हटलं, "नाही, काही नाही."

त्यानंतर भाऊ एकटाच ग्वाल्हेरला गेला. झाशीहून गाडीनं दीड-दोन तासांचं अंतर. ओळखीचं कुणी भेटणार नाही इतकं लांब आणि संध्याकाळपर्यंत घरी परतता येईल इतकं जवळ. तिथे एका खासगी दवाखान्यात दुसरंच नाव लिहवून त्यानं हिंमत केली आणि खरं ते सांगितलं. त्या डॉक्टरांनी तपासलं नाही. लग्न का केलं नाहीस हे विचारलं, धर्माच्या चार गोष्टी सांगितल्या, ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पैसे घेतले. दवाखान्याचं नाव पत्रात आहे. मी लिहीत नाही. भाऊ परत आला आणि त्यानं औषधपाणीच सोडून दिलं. आणखी चार महिने गेले. एका पहाटे न्हाणीघरात पडला, तेव्हा धावाधाव झाली. एच.आय.व्ही. आणि त्यावर क्षयरोग. पहिल्या तापापासून मोजले तर आठ महिने.

तो वाचला. उपचार चालू आहेत, वजन भरून आलं आहे, वर्गावर उभा राहतो. पण एका डोळ्याची दृष्टी अधू झाली ती परत आली नाही. ताईंचा प्रश्न असा की, त्या दिवशी डॉक्टरांसमोर मी गप्प बसले, ते आठ महिने माझ्या खाती लिहायचे का?

पत्र ठेवलं आणि पहिल्यांदा मनात आलं ते असं की, हा प्रश्न त्यांनी साप्ताहिकाला का विचारावा? शेजारी डॉक्टर आहे, आणि पत्र जातं पोस्टानं, शेकडो मैल लांब, अनोळखी माणसाला. पण आपल्याकडे ही रीत जुनी आहे. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ साली मरेपर्यंत एकट्यानं ओढलं. त्यात वाचकांचे प्रश्न असत. जे बायकोला, बापाला, वैद्याला विचारता येत नाही ते लोक कर्व्यांना विचारत. समलिंगी आकर्षणाबद्दलचेही प्रश्न येत, आणि कर्वे न चिडता, न लाजता उत्तर देत. या प्रश्नोत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांची बाजू कोर्टात मांडली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लोटला आणि पत्रं अजून मासिकांकडेच येतात, याचं काय करावं ते कळत नाही.

झाशीचं नाव निघालं म्हणून एक आडवाट. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी 'माझा प्रवास'मध्ये झाशीचे राजे गंगाधरराव यांच्याविषयी लिहिलं आहे. गोडसे भटजी झाशीला पोचले तेव्हा महाराज जाऊन चार-पाच वर्षं झाली होती, तेव्हा ही ऐकीव माहिती. पण त्यांनी ती सरळ लिहून ठेवली. महाराज अधूनमधून स्त्रीवेष घेत, लुगडंचोळी नेसत, दागिने घालत, महिन्याचे चार दिवस बाजूलाही बसत. नाटकाचे ते मोठे शौकीन होते. त्यांना आजचं कुठलं लेबल चिकटवू नये, तो काळ निराळा. मला त्यात लक्षात राहतं ते इतकंच की राजाबद्दल गाव कुजबुजलं असेल, पण त्यांच्या औषधपाण्याचं त्यामुळे काही अडलं नाही. राजाला केसपेपर काढावा लागत नाही. लक्ष्मी तलावाकाठी त्यांची छत्री आजही आहे, आणि ज्या गणेश मंदिरात राणीशी त्यांचं लग्न लागलं तिथे झाशीतली मराठी मंडळी आजही जमतात. ताईही जातात.

आता ताईंच्या प्रश्नाकडे. खाती लिहायचेच तर ते आठ महिने पुष्कळांच्या खाती वाटून लिहावे लागतील.

झाशी ज्या राज्यात आहे त्या उत्तर प्रदेशाच्या राजधानीत जुलै २००१ मध्ये काय झालं ते बघा. 'भरोसा ट्रस्ट' आणि 'नाझ फाउंडेशन इंटरनॅशनल' या दोन संस्था लखनौमध्ये समलिंगी पुरुषांना एड्सपासून जपण्याचं काम करत होत्या. माहितीच्या पुस्तिका, निरोध, तपासणीचा सल्ला, इतकंच. पोलिसांनी कार्यालयांवर छापे घातले आणि चौघांना पकडलं. दंडविधानाचं ३७७ कलम लावलं. पुस्तिका आणि निरोध हाच पुरावा. ते चौघे ४७ दिवस तुरुंगात होते. त्यांच्यातले आरिफ जाफर पुढे २०१८ साली त्याच कलमाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका घेऊन उभे राहिले. पण २००१ साली ही बातमी ज्यांनी ज्यांनी वाचली त्यांना एक धडा मिळालाच : या विषयात औषध देणाराच आत जातो, तर मागणाऱ्याचं काय होईल? ताईंचा भाऊ तेव्हा शाळकरी असेल. पण असली भीती हवेत राहते.

सरकारलाही हे कळत होतं. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे 'नाको', हिनं २००६ साली दिल्ली उच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं की या कलमामुळे माणसं लपून राहतात आणि आमच्यापर्यंत पोचत नाहीत. त्याच न्यायालयात गृहखातं मात्र कलम हवंच म्हणून भांडत होतं. एकाच सरकारची दोन खाती एकाच खटल्यात एकमेकांच्या विरुद्ध! अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की सज्ञान व्यक्तींचा राजीखुशीचा संबंध हा गुन्हा नाही. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात आरोग्याच्या हक्काबद्दल स्वतंत्रपणे लिहिलं आहे. कलमाचा धाक माणसाला दवाखान्यापासून कसा लांब ठेवतो, तेच त्यात मांडलं आहे.

निकाल लागला, पण त्या दवाखान्यातला बाक तिथेच आहे. पडदाही तोच.

डॉक्टरांना सरसकट दोष देणं सोपं आहे. मला ते पटत नाही. भारतातले पहिले एच.आय.व्ही. बाधित रुग्ण १९८६ साली चेन्नईत ज्यांच्या पुढाकारानं शोधले गेले त्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या महाराष्ट्रीय घरातल्या. लोक या रुग्णांना शिवायला तयार नव्हते तेव्हा त्यांनी वडिलांच्या नावानं १९९३ मध्ये वाय. आर. गायतोंडे केंद्र काढलं आणि २०१५ मध्ये जाईपर्यंत हेच काम केलं. असे डॉक्टर आहेत. पण त्यांना घडवतो तो त्यांचा स्वभाव, अभ्यासक्रम नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली १९९० साली. आपल्याकडे मात्र राष्ट्रीय वैद्यक आयोगानं ऑगस्ट २०२४ मध्ये एम.बी.बी.एस.चा जो आराखडा काढला त्यात न्यायवैद्यकाच्या धड्यात समलिंगी संबंध पुन्हा 'अनैसर्गिक गुन्ह्यां'मध्ये घातले होते! टीका झाली, सप्टेंबरात ते मागे घेतलं. याच आयोगानं २०२२ मध्ये, मद्रास उच्च न्यायालयात चाललेल्या एका प्रकरणानंतर, समलिंगी माणसाला 'बरं' करण्याचे उपचार हा डॉक्टरांचा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवला होता. तेव्हा ग्वाल्हेरच्या त्या डॉक्टरांनी उपदेश केला तो त्यांच्या वेळच्या पुस्तकाप्रमाणे योग्यच असेल. पुस्तक बदललं, ते त्यांच्यापर्यंत गेलं नाही.

एक गोष्ट इथे नीट सांगायला हवी, नाहीतर वाचक भलताच अर्थ काढतील. एच.आय.व्ही. हा समलिंगी माणसांचा आजार नाही. आपल्या देशात तो बहुतेकांना स्त्री-पुरुष संबंधांतूनच झालेला आहे. मात्र प्रमाण बघितलं तर प्रौढ लोकसंख्येत ते शंभरात ०.२ च्या आसपास, तर 'नाको'च्या २०२१ च्या पाहणीत समलिंगी संबंध असणाऱ्या पुरुषांत सुमारे सव्वातीन आणि तृतीयपंथीयांत पावणेचार टक्के निघालं. हा फरक शरीराच्या घडणीत नाही. जो माणूस लपतो त्याला माहिती उशिरा मिळते, तपासणी उशिरा होते, औषध उशिरा. आणि याची उलट बाजूही आहे. एखाद्यानं धीर करून सांगितलं, की मग डॉक्टरला दुसरं काही दिसतच नाही. पोट दुखलं तरी तेच, दात दुखला तरी तेच. अशा माणसाला साधं अपेंडिक्स होऊ शकतं, हे विसरलं जातं.

हा विषय पुरुषांपुरताही नाही. एका बाईनं मागे मला सांगितलं होतं, ती आपल्या मैत्रिणीबरोबर बारा वर्षं संसार करते. पाळीचा त्रास म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे गेली. पहिला प्रश्न : मिस किंवा मिसेस? मिस म्हटल्यावर पुढची तपासणीच झाली नाही, 'लग्न झालं की बघू.' चाळिशीच्या बाईला!

आणि तृतीयपंथीयांची तर गोष्ट दरवाजापासूनच सुरू होते. २०११ च्या जनगणनेत पुरुष-स्त्री सोडून 'इतर' या रकान्यात देशभरात ४,८७,८०३ माणसं नोंदली गेली. त्यात सर्वांत जास्त, १,३७,४६५, उत्तर प्रदेशात; महाराष्ट्रात ४०,८९१. यातल्या कुणाला अपघात झाला, तर पुरुषांच्या वॉर्डात न्यायचं की बायकांच्या, यावर स्ट्रेचर व्हरांड्यात थांबतं. वॉर्डातले नातेवाईक कुरकुरतात, आणि नातेवाईक म्हणजे आपणच, तुम्ही-आम्ही. मग ही माणसं येतच नाहीत. संततिनियमनाच्या गोळ्या संप्रेरक म्हणून स्वतःच्या मनानं मूठमूठ घेतात; त्यानं रक्तात गाठी होऊ शकतात हे सांगणारं कुणी नसतं. शस्त्रक्रिया अडाणी हातांनी, खोलीत उरकतात, रक्तस्राव होतो, लघवीचा मार्ग आकसतो. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात यांच्या वैद्यकीय सोयींचा उल्लेख होता, २०१९ च्या कायद्यात १५ वं कलम त्यासाठीच घातलं गेलं, २०२२ मध्ये आयुष्मान भारतखाली पाच लाखांपर्यंतच्या विम्याचा करार झाला. कागदावर बरंच आहे. पण विमा चालू होतो तो दवाखान्यात पाय ठेवल्यावर.

मोठ्या शहरात निदान संस्था आहेत. मुंबईत १९९४ पासून 'हमसफर ट्रस्ट' आहे, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये 'समपथिक ट्रस्ट' काढला आणि या विषयावर मराठीत सोप्या भाषेत पुस्तकंही लिहिली. झाशीएवढ्या गावात पहिलं दार म्हणजे घरचा डॉक्टर. आणि घरचा डॉक्टर हा घरचा असतो, हीच अडचण. ज्याच्यावर सर्वांत जास्त भरवसा, त्याच्यापासूनच सर्वांत जास्त लपवायचं.

तर ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तुम्ही त्या दिवशी बोलायला हवं होतं का? नाही, तुम्ही बोलायला नको होतं. ते गुपित तुमचं नव्हतं, त्याचं होतं. त्याच्या परवानगीवाचून त्याच्यासमोर तुम्ही ते डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं असतं, तर तो उठून गेला असता आणि कदाचित तुमच्याकडेही परत आला नसता. पण तुम्हाला आणखी एक गोष्ट करता आली असती : खोलीबाहेर जाता आलं असतं. "डॉक्टरसाहेब, मी बाहेर बसते, तुम्ही दोघं बोला," एवढंच. आपल्याकडे आजारी माणूस एकटा नसतोच; आई, बायको, बहीण, काका सगळे आत. ते प्रेमच असतं. पण त्या गर्दीत काही प्रश्नांची उत्तरं 'नाही' अशीच यायची. आणि त्याहून आधीची गोष्ट, गच्चीवरची. तुम्ही म्हणालात, आणखी कुणाला सांगू नकोस. तुम्ही त्याला जपत होतात, ते कळतं. त्यानं ऐकलं ते असं, की हे सांगण्यासारखं नाही. घरच्या आजारपणातसुद्धा नाही.

डॉक्टरांच्या बाजूचंही थोडं. प्रश्न त्यांनी विचारला हे चांगलं केलं, पण बहिणीसमोर विचारला. २०१७ चा एच.आय.व्ही. कायदा सांगतो की रुग्णाच्या संमतीशिवाय चाचणी करायची नाही आणि निकाल त्याच्या परवानगीवाचून कुणाला सांगायचा नाही. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्यानं लैंगिक कलावरून उपचारांत भेदभाव करायला मनाई केली. हे भावाला ठाऊक असतं, तर ग्वाल्हेरला खोटं नाव लिहवण्याची वेळ आली नसती. सरकारी रुग्णालयातल्या तपासणी केंद्रात समुपदेशक असतो, एकांतात बोलतो, चाचणी फुकट असते. औषधं २००४ पासून सरकारी केंद्रांतून मोफत मिळतात. नियमित घेतली आणि रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली राहिला, की संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. हे आज सिद्ध झालेलं आहे. पहिल्या दोन महिन्यांत कळतं तर त्याचा डोळा बहुधा वाचला असता, हे तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलंच आहे. मी ते झाकणार नाही. कुणाला चौकशी करायची असेल तर १०९७ हा 'नाको'चा मोफत दूरध्वनी आहे. मन फार खचलं असेल तर १४४१६ हा 'टेलिमानस'चा. तिथे नाव सांगावं लागत नाही.

पत्राच्या शेवटच्या पानावर घरच्या डॉक्टरांचा पुन्हा उल्लेख आहे. निदान झाल्यावर ते स्वतः रुग्णालयात आले. खाटेजवळ बराच वेळ उभे राहिले आणि भावाला म्हणाले, "अरे, मला का नाही सांगितलंस?" भाऊ म्हणाला, "काका, तुम्ही माझ्यासाठी मुलगी बघत होतात." खरंच बघत होते, ग्वाल्हेरची, त्यांच्या मेव्हण्याच्या नात्यातली. डॉक्टर काही बोलले नाहीत. आता त्यांच्या दवाखान्यात ते रुग्णाला आत घेतात तेव्हा बरोबरच्या माणसाला आधी पाच मिनिटं बाहेर बसवतात. कुणालाही, सर्दी-पडशाचा रुग्ण असला तरी. गल्लीतल्या बायका म्हणतात, म्हातारपणी डॉक्टर चक्रम झाले.

भाऊ औषधं आणायला जातो त्या दिवशी ताई रजा टाकून बरोबर जातात. केंद्राबाहेर बाकावर बसतात, डबा मांडीवर. गेल्या महिन्यात गल्लीतलीच एक ओळखीची बाई तिथून जाताना थबकली. "क्यों जिज्जी, किसको दिखाने आयी हो?" तिनं दारावरची पाटी वाचली होती. ताईंनीही पाटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि म्हणाल्या, "भाई को." बाई गेली. तासाभरानं भाऊ बाहेर आला, आणि दोघांनी तिथेच बसून डबा खाल्ला.